ऊन तिथे आमचे हे

आमचे हे खुर्च्या विणतात. लाकडी सांगाडा दुसऱ्याचा असतो. त्यातली फाटकी वेताची बैठक कापून काढायची आणि नवी विणून द्यायची, एवढंच यांचं काम. ‘एवढंच’ म्हटलं की त्यांना राग येतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने शेजारणींना सांगितलं होतं की जावई फर्निचरच्या धंद्यात आहे. ते खोटं नव्हतं. पण जावयाचा धंदा खुर्चीच्या मधल्या भोकाचा आहे, असं कुठली सासू सांगेल?

काम बसून करायचं असतं, पण एका जागी बसतील तर ते आमचे हे कसले. पूर्वी आम्ही एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, एक गॅलरी आणि तिन्ही बाजूंना खिडक्या. हिवाळ्यात सकाळचं ऊन स्वयंपाकघरात यायचं. तेव्हा हे आपलं बुटकं स्टूल, पाण्याची बादली आणि कुणाची तरी खुर्ची घेऊन थेट माझ्या पायांत यायचे. ऊन बाहेरच्या खोलीत सरकलं की हेही सरकायचे, आणि दिवस कलायला लागला की गॅलरीत. उन्हाळ्यात सगळं उलटं. ऊन एका दाराने आत आलं की हे दुसऱ्या दाराने बाहेर. शेजाऱ्यांनी त्यांचं नाव सूर्यफूल ठेवलं होतं, आणि उन्हाळ्यात उलटं सूर्यफूल. फोडणी करताना मागे पाऊल टाकलं आणि बादलीत पडलं नाही असा माझा एक हिवाळा गेला नसेल.

काम करताना हे गुणगुणतात. त्याला गाणं म्हणता येणार नाही. ओल्या वेताची पट्टी भोकातून खाली घातली की ‘हूं’, शेजारच्या भोकातून वर ओढून घेतली की ‘हां’. दिवसभर हूं, हां, हूं, हां. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे पंप चालू राहतो का म्हणून. मी वैतागायचे, कानात बोटं घालायचे, पण त्या आवाजावरून मला घरातलं हवामान कळायचं. आवाज थांबला म्हणजे एक तर पट्टी तुटली किंवा चहाची वेळ झाली.

आता एक गाऱ्हाणं मांडते, म्हणजे पुढे उपयोगी पडेल. स्वयंपाकघरात माझीही एक वेताची खुर्ची होती. भाजी निवडायची, पाय टेकवून दोन घटका बसायचं, ते सगळं तिच्यावर. मुलगी लहान असताना ती त्या खुर्चीवर उभी राहून नाचली आणि बैठक फाटली. हे म्हणाले, गिऱ्हाइकांचं संपलं की तुझीच घेतो, तोवर यावर बस, आणि वर एक फळी टाकून दिली. गिऱ्हाइकांचं काम काही संपलं नाही. मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, तरी फळी तिथेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या फळीवर बसून पाहिला आहे.

मग माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. जिने उतरले की चढायचं जिवावर यायचं, म्हणून मी उतरेनाशीच झाले. मुलगी राहते त्या इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं झालं तेव्हा तिने आम्हाला बघायला बोलावलं. भर उन्हाळ्याचे दिवस होते. बाहेर नुसती भट्टी पेटलेली, आणि त्या घरात पाऊल टाकलं तर गारेगार. मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावून हे म्हणाले, “वा.” झालं, घर पसंत. घर ऐन उन्हाळ्यात पसंत करू नये आणि भूक लागलेली असताना बाजाराला जाऊ नये, हे शहाणपण मला आता आलेलं आहे.

ती मागची खोली मुलीने खास बाबांच्या कामासाठी करून घेतली. वेताच्या जुड्या टांगायला भिंतीत खुंट्या, हत्यारांना फळ्या, डोक्यावर लांबलचक ट्यूब. आता उठबस नको, सगळं हाताशी, असं तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि हेही खूश झाले. तो सगळा उन्हाळा त्यांनी त्या खोलीत हूं हां करत काढला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. गुडघे जिन्यातून सुटले आणि पायांतली बादलीही सुटली.

पुढे दिवस लहान होत गेले. त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे उघडते. मध्ये एवढासा बोळ आहे, खिडकीतून हात काढला तर समोरच्या भिंतीला लागेल. उन्हाळ्यात ज्या भिंतीने गारवा दिला तिनेच हिवाळ्यात ऊन अडवलं. दुपारीही ट्यूब लावावी लागायची. पुढच्या खोलीतही उजेड यायचा, ऊन नाही.

आधी यांनी चहाला नावं ठेवायला सुरुवात केली. पाणचट आहे म्हणायचे. मग हूं हां विरळ झालं. उशिरा उठायला लागले, आणि उठले तरी पलंगाच्या कडेवर बसून चपलांकडे बघत राहायचे. खुर्च्या कोपऱ्यात एकीवर एक चढायला लागल्या. मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे. तुमच्या आत्याने आमच्या लग्नात काय बोलून दाखवलं होतं इथपासून. एरवी आत्याचं नाव काढलं की हे तासभर तिची बाजू मांडत. आता नुसतं “असेल” म्हणायचे. भांडायला माणूस उरलं नाही की घर किती मोठं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. मला भीती वाटायला लागली होती.

मग जो तो वैद्य झाला. जावयांनी रेडिओ आणून दिला. मुलीने ट्यूब काढून तिच्याहून लख्ख दिवा लावला. त्याने खोलीतली धूळ तेवढी स्वच्छ दिसायला लागली. समोरच्या काकू म्हणाल्या, वय झालं की व्हायचंच असं. मी त्यांना विचारलं, वय काय एका हिवाळ्यात होतं का हो? तेव्हापासून त्या माझ्याशी बेतानेच बोलतात.

शेवटी मुलगी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, मीही बरोबर गेले. बाई शांतपणे बोलल्या. तपासून म्हणाल्या की अंधाऱ्या दिवसांत पुष्कळ जणांचं मन असं बसतं, यात लाजायचं काही नाही. रोज ठरल्या वेळी उठायचं, सकाळच्या उन्हात बाहेर पडायचं आणि हातातलं काम सोडायचं नाही. महिन्याभराने पुन्हा या, मग बघू. हे कधीपासून होतंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, थंडी पडल्यापासून. घर बदलल्यापासून, असं नाही म्हणाले. घर माझ्या गुडघ्यांपायी बदललं होतं, आणि गुडघे शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते. ते माझ्या लक्षात आलं.

घरी आल्यावर मी उन्हाचा विषय काढला. हे म्हणाले, “नुसता उन्हात बसायला मी काय दोरीवरचा टॉवेल आहे?”

मग काम घेऊन बसा ना फाटकापाशी, म्हटलं. तर तेही नको. जावयाच्या दारात हा माणूस रस्त्यावर बसून खुर्च्या विणतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मुलीने बापाला घराबाहेर काढलं म्हणतील. पोरीला बोल लागेल. आणि लोक तसं म्हणतातच. आधी त्या समोरच्या काकूच म्हणाल्या असत्या.

अशात मास्तरांची खुर्ची आली. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी, यांचे जुने मित्र. अंगाने भक्कम आहेत, दिवसभर मशीनपुढे त्याच खुर्चीवर असतात, त्यामुळे दर काही वर्षांनी बैठक खचतेच. दुसऱ्या कुणाची असती तर कोपऱ्यात पडली असती, पण मास्तरांची म्हणून यांनी मन लावून विणली. विणून झाल्यावर दाराच्या डाव्या अंगाला, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि दोन दिवसांनी पोचती केली. जुन्या, वरच्या मजल्यावरच्या घरी त्यांची हीच रीत होती.

ही रीत का, ते सांगायला हवं. वेत ओला करून विणतात. ओला असताना तो रबरासारखा नरम असतो, आणि वाळताना आवळून घट्ट बसतो. पुरता वाळला की बैठकीवर टिचकी मारली तर टण्ण वाजते. पण ओल्या बैठकीवर कुणी बसलं तर ती ताणली जाते, आणि एकदा ताणली की ताणलीच. वरच्या घरात दाराच्या डाव्या अंगाला दुपारचं ऊन यायचं, दोन दिवसांत खुर्ची खणखणीत वाळायची. इथे दाराच्या डाव्या अंगाला येतं काय, तर स्वयंपाकघरातली वाफ. घर बदललं, पण यांचे हात अजून जुन्याच घरात राहत होते.

मास्तर खुर्चीवर बसले त्याच संध्याकाळी तिची झोळी झाली.

दुसऱ्या दिवशी खुर्ची बगलेत मारून ते स्वतः आले. शिव्या घालतील तर मास्तर कसले. म्हणाले, खुर्चीचं काही नाही हो, माझंच वजन वाढलंय. यांना तेच जास्त लागलं. यांनी बैठकीखालून हात फिरवला. अजून दमट होती. नवशिक्यालासुद्धा पहिल्या आठवड्यात जे सांगतात, ते यांच्या हातून चुकलं होतं. मास्तरांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि खुर्ची ठेवून गेले. मग हे उठले आणि खुंट्यांवरच्या वेताच्या जुड्या एकेक करून उतरवायला लागले.

मी विचारलं, काय चाललंय?

“हात गेले माझे,” हे म्हणाले. “कोपऱ्यातल्या खुर्च्या ज्याच्या त्याला परत देऊन टाकू. आता पुरे झालं.”

आयुष्यभर मी या माणसावर ओरडत आले आहे. त्या दिवशी मात्र तोंड उघडेना. हात गेले असते तर मी समजून घेतलं असतं, पण हात जागच्या जागी होते. या कामावाचून हा माणूस पलंगाच्या कडेवर किती दिवस बसेल आणि शेवटी माझ्या हाती त्यातलं काय उरेल, एवढंच मला दिसत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, फळीवर बसले आणि विचार करायला लागले. रडण्यापेक्षा विचार केलेला बरा, असं माझं आपलं मत आहे.

बाहेर येऊन म्हटलं, सगळ्यांच्या परत द्या, पण मास्तरांचं काय? ते बिचारे पत्र्याच्या डब्यावर बसून शिवत असतील. त्यांची तेवढी नीट करून द्या आणि मग खुशाल हत्यारं टाका. यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, इथे वाळणार नाही.

“मग जिथे वाळेल तिथे विणा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची दिंडी निघाली. पुढे हे, एका हातात मास्तरांची खुर्ची, दुसऱ्यात बादली आणि बगलेत स्टूल. मागे मी, ओल्या फडक्यात गुंडाळलेला वेत धरून लंगडत. मास्तरांच्या दुकानात कापडांचे गठ्ठे छतापर्यंत. तिथे मास्तर मावतात हेच नवल, खुर्ची आणि हे कुठे बसणार? दुकानाची पायरी तेवढी मोकळी होती, आणि सकाळच्या उन्हाने ती धुऊन काढल्यासारखी लख्ख झाली होती. हे रस्त्याकडे पाठ करून तिथे बसले. कुणी ओळखू नये म्हणून, दुसरं काय. मी म्हटलं, मला बाजार करायचाय, आणि निघाले. बाजार कसला करायचा होता, पण मी उभी राहिले असते तर हे उठून गेले असते.

रेंगाळत रेंगाळत परत आले तेव्हा दुपार होत आली होती. सायकलच्या दुकानापर्यंत पोचले आणि पाय थांबले. अजून हे दिसत नव्हते, पण ऐकू येत होतं. हूं. हां. हूं. हां. मधे पंक्चरवाल्याचा हातोडा, रिक्षांचे हॉर्न, आणि त्यातून वाट काढत तो आमच्या घरचा पंप. मला रडू आलं. भर रस्त्यात, भाजीची रिकामी पिशवी हातात घेऊन मी रडले. पंक्चरवाल्याने बसायला टायर पुढे सरकवला.

डोळे पुसून पुढे गेले तर पायरीवर हे नव्हतेच. मास्तर मशीनमागून माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंडातल्या टाचण्या तशाच ठेवून मान शेजारी वळवली. ऊन पायरीवरून उतरून न्हाव्याच्या दुकानासमोर गेलं होतं, आणि स्टूल, बादली, खुर्चीसकट हेही तिथे गेले होते. पाठ केव्हाच फिरली होती. रस्त्याकडे तोंड करून, एक डोळा मिटून, भोकातून पट्टी घालत न्हाव्याशी कशावरून तरी वाद घालत होते. वाद ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्यात न्हाव्याची बाजू घेतली.

त्या दिवशी हे व्यवस्थित जेवले आणि जेवताना माझ्या हाताला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी आपणहून लवकर उठले. म्हणाले, मास्तरांची खुर्ची वाळली का बघून येतो. जाताना कोपऱ्यातली एक खुर्ची उचलली. रिकाम्या हाताने कशाला जायचं, म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशी सबबही सांगितली नाही. उतरवलेल्या जुड्या पुन्हा खुंट्यांवर कधी चढल्या ते मला कळलंसुद्धा नाही.

लोकांच्या बोलण्याची व्यवस्था मास्तरांनी केली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायला लागले की मीच यांना हातापाया पडून इथे आणलंय, खुर्ची बघायला माणसं थांबतात आणि थांबली की कपडे शिवायला टाकतात. खरं किती, खोटं किती, देव जाणे. समोरच्या काकूंनी मात्र स्वतःच्या घरची खुर्ची विणायला आणून दिली. मी ती घेतली, आणि बेतानेच बोलले.

आता हिवाळाभर यांचा मुक्काम ठरलेला आहे. सकाळी मास्तरांची पायरी, मग न्हावी, आणि ऊन कलतं झालं की रस्ता ओलांडून बेकरीचा ओटा. मुलीचा वरून फोन येतो, आई, बाबा कुठे आहेत? मी खिडकीतून समोरच्या इमारतीवर ऊन कुठपर्यंत चढलंय ते बघते आणि सांगते, बेकरीवर. चुकत नाही. डॉक्टरीणबाई एकदा तिथून जाताना थांबल्या आणि बरं वाटतंय ना, असं विचारलं. हे म्हणाले, नुसता बसत नाही हो, काम करतोय. बाई हसल्या. तेच तर सांगितलं होतं, म्हणाल्या.

सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. ढगाळ दिवशी हे अजूनही चहाला नावं ठेवतात आणि चपलांकडे बघत बसतात. पण दुसऱ्या दिवशी उठून पायरीवर जायचं आहे हे त्यांना माहीत असतं, आणि मलाही. उन्हाळ्यात ती मागची खोली आहेच. तेव्हा ती स्वर्ग वाटेल.

परवा सकाळी भाजी निवडायला म्हणून मागे हात करून खुर्ची ओढायला गेले, तर हाताला हवाच लागली. फळी भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि खुर्ची गायब. चोर आला म्हणावं तर फळीवाली खुर्ची नेणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. पदर खोचून निघाले. ऊन कुठे आहे ते बघितलं आणि मास्तरांच्या पायरीवर गेले.

पायरीवर माझी खुर्ची होती. सांगाडा पुसून चकचकीत केलेला, जुन्या चिंध्या कापून टाकलेल्या. बैठक निम्मी विणून झाली होती. हे मान खाली घालून हूं हां करत होते. मी खोचलेला पदर सोडला. मास्तरांनी आतून मशीन जरा जास्तच जोरात चालवायला सुरुवात केली.

मी संध्याकाळी पुन्हा गेले. बेकरीच्या ओट्यावर, शेवटच्या उन्हात, खुर्ची पुरी झालेली होती. इतक्या वर्षांत मी तिला फळीशिवाय पाहिलेलं नव्हतं. पुढे झाले आणि बसणार, तोच यांनी माझा दंड धरला.

“बसू नकोस अजून. ओली आहे,” हे म्हणाले. “दोन दिवस ऊन खाऊ दे तिला.”

इतकी वर्षं फळीवर काढली, तिथे दोन दिवसांचं काय, मी म्हटलं. यांनी आपलं बुटकं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसले. खुर्ची वाळायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस मी तिथेच होते.